परत वाचून दाखवताना

यमुनाक्का, माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण तुमचं आहे. हे वाक्य तुम्ही एकदा पेन्सिलीने खोडलेलं आहे, म्हणून या वेळी पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

तुमचा जन्म, शिक्षण, वकिली हे सगळं इथल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेत दुसऱ्यांनी लिहिलं आहे. नीट लिहिलं आहे. फोटोही चांगला निवडलाय, नाकातली चमकी दिसते. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे, आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

आपली ओळख पाण्याने करून दिली. चेन्नईत, आपल्या वेलचेरीत पाणी भरतं यात कुणाला नवल वाटत नाही, पण त्या वर्षी ते तुमच्या तळमजल्यात शिरलं. मी दुसऱ्या मजल्यावर तिघांबरोबर राहायचो. जिन्यात उभा राहून आईला फोनवर ओरडून सांगत होतो, "अगं पायरीपर्यंतच आहे पाणी, तू टीव्ही बंद कर आधी." खालून आवाज आला, "अरे पा, तूं मराठा काय? मग उभा कां? ये इकडे."

मी खाली आलो. तुम्ही गुडघाभर पाण्यात, साडी खोचून, डोक्यावर एक पेटी धरून उभ्या होतात. मी आपला फ्रिजकडे धावलो.

"फ्रिजास काय होतें? गेला तर दुसरा येईल. ह्या पेट्या आधीं वरतें ने."

आमच्याकडे परतूरला कीर्तनाला येणारे बुवा असं बोलायचे. पाण्यात उभं राहून कुणी तसं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पेट्या वर नेल्या. फ्रिज गेला. पेट्यांत काय आहे हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. पाणी ओसरल्यावर तुम्ही मला सांबार-भात वाढलात आणि म्हणालात की सांबार हे आमच्या तंजावरच्या मराठ्यांचंच, हे तमिळ लोक उगाच आपलं म्हणतात. पुढे हे मी इतक्यांदा ऐकलं की तुमचं वाक्य मीच पुरं करायला लागलो.

मी तेव्हा श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात ऑफिसात होतो. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील काळी-पिवळी जीप चालवायचे, आई शाळेत खिचडी शिजवायची. माझं बीए इंग्रजीतलं, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की मी खोकायचो. तुम्ही ते ओळखलंत आणि कधी हसला नाहीत. एका रविवारी विचारलंत, "टायपिंग येतें काय तुज?"

तेव्हा कळलं पेट्यांत काय होतं: बायकांची निवेदनं. श्रीलंकेतल्या युद्धातून निसटून, बोटीतून या किनाऱ्याला लागलेल्या बायका. कुणी छावणीत राहते, कुणी बाहेर खोली घेऊन. त्यांच्यातल्या काहींवर तिकडे, युद्धाच्या काळात आणि त्यानंतर, बंदूक हातात असलेल्या माणसांनी बलात्कार केले होते. त्यांनी तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही तमिळमध्ये लिहून घेत होतात आणि त्याचं इंग्रजी करून, ज्या बाईची परवानगी असेल तिचंच, अशा गोष्टींचा पुरावा जमवणाऱ्या परदेशातल्या संस्थेकडे पाठवत होतात.

पहिलंच पान मी टाइप करून आणलं तेव्हा तुम्ही ते वाचत थांबलात. मूळ तमिळ वाक्य साधं होतं, तुमचा कच्चा तर्जुमाही साधा होता. मी त्याला जरा सजवलं होतं. आमच्या गावच्या पेपरात अशा बातमीला 'अब्रू लुटली' असं छापायचे, तेच मी इंग्रजीत घातलं होतं.

"ही अब्रू कोणाची?" तुम्ही विचारलंत.

"त्या बाईंची."

"तिणें म्हटलें काय असें?"

"नाही."

"मग तुझ्या पेपरवाल्याची असेल. काढ तें. अब्रू जायची तर करणाऱ्याची जाईल, हिची कां?"

तुम्ही रागावला नव्हतात. पुढचं पान हातात दिलंत आणि सांडगी मिरची आणायला आत गेलात. मी कॉलेजात तीन वर्षं भाषा शिकलो होतो. ती कशासाठी असते हे त्या दुपारी समजायला लागलं.

तुमची काम करायची पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण ती आता आम्हाला पुढे चालवायची आहे. बाई आली की आधी जेवण. मग हाताला काम: सांबाराचे छोटे कांदे सोलायचे, कढीपत्ता काढायचा. तुम्हीही सोलायचा. "काय झालं?" असं विचारायचं नाही. मध्येच थांबली तर "मग?" म्हणायचं नाही. मी त्या खोलीत नसायचो. बाईने स्वतः बोलावलं तरच. डॉक्टरची गरज असेल तर डॉक्टर आधी, कागद नंतर. तक्रार केली नाही तरी उपचार मिळालेच पाहिजेत, हे तुम्ही दवाखान्यांत जाऊन भांडून सांगायचा. एकच गोष्ट दहा टेबलांवर दहा वेळा सांगायला लावणाऱ्यांना तुम्ही दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, परत वाचून दाखवणं. लिहून घेतलेलं त्याच दिवशी पक्कं करायचं नाही. दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, उजेडात, तुम्ही ते परिच्छेदा-परिच्छेदाने वाचून दाखवायचा. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचं. बाई 'आमाम्' म्हणाली, म्हणजे होय, तर बाजूला पेन्सिलीने खूण. 'इल्ल' म्हणाली, म्हणजे नाही, तर तेवढं खोडायचं. का खोडायचं हे विचारायचं नाही. एका बाईने पूर्ण निवेदनाला शेवटी 'इल्ल' म्हटलं होतं. तुम्ही सगळी पानं तिच्या हातात दिलीत आणि विचारलंत, "ताक घेशील?" ती गेल्यावर मी म्हणालो, अक्का, इतका पक्का पुरावा होता. तुम्ही म्हणालात, "पुरावा तिचा. तिणें नेला."

या पद्धतीनेच सेल्वी आपल्याकडे आली. सेल्वी हे तिने मला या लेखासाठी दिलेलं नाव. ती चेन्नईच्या दक्षिणेच्या कोवलमला राहते, किनाऱ्यावर मासळी कापून देते, सुकवून विकते. मुलीला, निलाला, कडेवर घेऊन ती बोटीतून आली होती. आता निला कॉलेजात आहे. सेल्वीबरोबर काय झालं ते इथे लिहिणार नाही. ते जिथे लिहायचं तिथे लिहिलं आहे.

ती घरात आली की सुक्या मासळीचा वास आधी यायचा. तुम्ही कट्टर शाकाहारी. पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली, "अम्मा, मी इथेच बसते, वास येईल." तुम्ही म्हणालात, "वास येतोच आहे. तो आत आला, तूं बाहेर कां?" त्यानंतर ती तुम्हाला चिडवायची संधी सोडत नसे. "अम्मा, तुमच्या या सांबारात चार नेथिली टाकल्या ना, तर देवसुद्धा उठून ताट मागेल." तुम्ही कानांवर हात ठेवायचा, ते दोन्ही हात कांद्याने बरबटलेले. "शिव शिव! तम्बी, हिला बाहेर ने पाहूं." मग ती हसायची. तम्बी म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी; नेथिली म्हणजे ते बोटाएवढे मासे. मला त्यांचं नाव त्या स्वयंपाकघरातच कळलं.

भांडण झालं ते त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. पुरावा जमवणारी माणसं चेन्नईत येणार होती. त्यांनी दोन वाटा ठेवल्या होत्या. नाव न देता निवेदन दिलं तर ते बंद कपाटात जाईल, फक्त तपास करणारे वाचतील. नाव दिलं तर एका सभागृहात, युद्धात सोसलेल्या इतर कुटुंबांसमोर, ते वाचता येईल आणि नोंदीत नावासकट राहील. तुमच्याकडच्या बाकी सगळ्याच बायका पहिल्या वाटेने गेल्या होत्या. सेल्वी म्हणाली, "मी नाव देणार."

तुम्ही लगेच म्हणालात, "नको."

इतक्या लगेच, की मी कीबोर्डवरून मान वर केली. सेल्वीने मला त्या दिवशी आत बोलावलं होतं.

"का नको, अम्मा?"

"निलाचें लग्न व्हायचें आहे. तुझे लोक तिकडे गावांत आहेत. माणसें कशी बोलतात तुज ठाऊक नाहीं काय?"

"मला ठाऊक नाही? मला?" सेल्वीने सुरी खाली ठेवली. "निलाला मी सांगितलंय. सगळं. मागच्या महिन्यात. ती रडली, मग तिनेच चहा केला. आता घरात कुणापासून लपवायचं राहिलं नाही. मग बाहेर का लपवू? माझ्या बापाचं नाव, गावाचं नाव, माझं नाव. त्यांनी मला नंबर दिला होता तिथे. तुम्ही पण कागदावर नावाऐवजी मला एक अक्षर दिलंय. मला नंबर नको, अक्षर नको."

मी म्हणालो, "अक्का, त्यांचं बरोबर वाटतंय मला."

"तूं गप्प बस. दोन पानें टाइप केलीं म्हणजे शहाणा झालास काय?"

तेव्हा सेल्वी शांतपणे म्हणाली, "आमाम् म्हणायचं की इल्ल, ते मी ठरवायचं असं तुम्हीच शिकवलंत. आज तुम्ही माझ्या वतीने इल्ल म्हणताय."

तुम्ही उठून सांबार बघायला गेलात. सांबार गॅसवरून केव्हाच उतरवलं होतं.

ती गेल्यावर तुम्ही मला ती जुनी हकीकत सांगितलीत, एकदाच. तुमच्या वकिलीच्या सुरुवातीला एका बाईने तुमच्या भरवशावर तोंड उघडलं होतं. कुणा बातमीदाराने तिच्या गावाचं नाव छापलं. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं. तुम्ही तिला भेटायला गेलात तर ती दार उघडेना. "ती दाराच्या आंत होती. मज श्वास ऐकूं येत होता तिचा." इतकंच बोललात. मला तेव्हा तुमच्या 'नको'चं वजन कळलं, आणि तरीही मी सेल्वीच्याच बाजूचा होतो. तुम्हाला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तुम्ही म्हणालात, "उद्यां बोलूं."

दुसऱ्या दिवशी तुमच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून सोडल्यावर गोदाक्का, तुमची धाकटी बहीण, तुम्हाला तंजावरला घेऊन गेल्या. फोनवर बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. निवेदनं द्यायची तारीख जवळ येत होती. सेल्वी मला रोज विचारायची, "अम्मा काय म्हणाल्या?" तिला तुमच्या परवानगीची गरज नव्हती. पण तुमच्याशी भांडलेलं तसंच ठेवून तिला त्या सभागृहात जायचं नव्हतं. म्हणून मी पत्र लिहिलं. तुम्ही नेहमी म्हणायचा, मज मराठींत कोणी पत्र लिहीत नाहीं, सगळे तमिळांत लिहितात नाहीं तर फोन करतात. भजनाच्या पोथ्यांमुळे तुम्हाला देवनागरी वाचता यायची, ओळीखाली बोट धरून. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं.

तुम्ही गेल्याचं गोदाक्कांनी कळवलं तेव्हा मी वेलचेरी स्टेशनसमोर शेअर ऑटोत बसलो होतो. ऑटो भरायची वाट बघत होता. मी उतरलो, आणि उतरून काय करायचं ते न कळल्यामुळे परत त्याच ऑटोत बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "सार, येताय की नाही?" मी म्हणालो, तंजावरला जायचंय. तो म्हणाला, हा तरमणीपर्यंतच जातो.

तंजावरला तुम्हाला पोचवून आल्यावर काही दिवसांनी गोदाक्का तुमचं घर आवरायला वेलचेरीला आल्या. सेल्वी आणि मी मदतीला गेलो. आवरता आवरता जेवायची वेळ झाली. गोदाक्का सांबार करायला लागल्या आणि सेल्वी न सांगता कांदे सोलायला बसली. कांदे सोलताना ती म्हणाली, "तम्बी, अम्मांचा मला फोन आला होता. तंजावरहून. कुणाला सांगू नको म्हणाल्या, बहीण ओरडेल."

गोदाक्कांनी डाव हातात धरून मागे वळून पाहिलं. "मी ओरडलेच असते."

सेल्वी सांगत होती ते असं. ती किनाऱ्यावर होती, हातात सुरी, समोर गिऱ्हाईक. तुम्ही विचारलंत, "जेवलीस काय?" मग म्हणालात, "तुझा कागद तुजकडे आहे ना? घरी जा. मज वाचून दाखव."

निवेदनाची तमिळ प्रत बाईपाशीच राहते, हाही तुमचाच नियम. सेल्वी घरी गेली, उंबऱ्यावर बसली आणि वाचायला लागली. पहिला परिच्छेद संपला आणि ती सवयीने थांबली. पलीकडून तुमचा आवाज आला, "आमाम्."

"मला वाटलं, माझं ऐकू आलं का म्हणून विचारतायत," सेल्वी म्हणाली. "दुसरा वाचला. परत आमाम्. तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्यांनी वाचायचं आणि मी म्हणायचं. आता मी वाचत होते आणि अम्मा म्हणत होत्या. शेवटी माझं नाव आलं. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, गाव वाचलं. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या."

"काय?" गोदाक्कांनी विचारलं.

"आमाम्. दुसरं काय म्हणणार?" सेल्वीने डोळे दंडाला पुसले. "कांदे फार तिखट आहेत तुमच्याकडचे. मग निलाला फोन द्यायला सांगितलं. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. तिला विचारलं, परीक्षा कधी आहे."

अक्का, त्यानंतर सेल्वीने त्या सभागृहात स्वतःच्या नावाने निवेदन वाचलं. निला पहिल्या रांगेत होती. मी दाराजवळ. सेल्वी प्रत्येक परिच्छेदानंतर थोडी थांबत होती. समोरच्यांना वाटलं असेल, दम खातेय. निला आणि मी तेवढं ओळखून होतो. खटला, शिक्षा, भरपाई यांतलं अजून काही झालेलं नाही. तुम्ही पहिल्यांदा तेच विचाराल म्हणून सांगतो. निवेदन मिळाल्याची पोच सेल्वीला तिच्या नावाने आली आहे. ती तिने निलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर ठेवली आहे.

हा लेखही मी तिला वाचून दाखवला, मराठीवरून माझ्या, कारखान्यात शिकलेल्या तमिळमध्ये. दोन ठिकाणी ती 'इल्ल' म्हणाली. ती ठिकाणं इथे नाहीत. तिकडे नाव दिलंस तर इथे का नको, असं मी विचारलं नाही. कुठे नाव द्यायचं आणि कुठे नाही, ते तिचं.

एक राहून गेलं. तुम्ही हे काम का धरलंत, त्या दाराआडच्या बाईमुळे की आणखी कशामुळे, हे मी कधी विचारलं नाही. 'मग?' म्हणायचं नाही हा नियम मी तुमच्यावरही लावत राहिलो. तुमच्याबाबतीत तो एकदा मोडायला हवा होता असं आता वाटतं. तुम्ही मला झापलं असतंत, पण कदाचित सांगितलंही असतंत.

गोदाक्कांनी माझं पत्र मला परत दिलं. त्यावर प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला तुमची पेन्सिलीची खूण आहे. एक ओळ खोडलेली आहे. पत्र खाली देतो, तुम्ही पक्कं केलंत तसं.

*

ती. यमुनाक्का यांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमची तब्येत सुधारते आहे असं गोदाक्कांकडून कळलं. गोळ्या वेळेवर घ्या. लोणचं बंद केलंय असं तुम्ही सांगता आणि नाही असं त्या सांगतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

सेल्वी नावावर ठाम आहे. मी तिला दोन्ही बाजू पुन्हा सांगितल्या. तुमची बाजू तुमच्याइतक्याच जोराने सांगितली. छापून आलं तर काय होऊ शकतं, गावाकडे काय होऊ शकतं, निलाला काय ऐकावं लागेल, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे सगळं मी अम्मांना भेटायच्या आधीपासून जाणते.

अक्का, मला वाटतं त्या दाराआडच्या बाईचं नाव दुसऱ्याने छापलं होतं. सेल्वीचं नाव सेल्वी देते आहे. या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या करून बघाव्यात अशी विनंती आहे. हे तुम्हाला सांगायचा मला काय अधिकार, असं लिहिताना वाटतं. पण कुणाच्या वतीने आमाम् म्हणू नये आणि इल्लही म्हणू नये, हे मी तुमच्याच टेबलावर शिकलो.

ती तुमच्या होकारासाठी थांबलेली नाही. तुम्ही रागावलेल्या असताना तिला जायचं नाही, एवढंच. तिचं निवेदन तुम्ही तिला वाचून दाखवलंत तर तिला बरं वाटेल. बोलायला मनाई असेल तर गोदाक्कांकडून दोन शब्द कळवा.

तुमच्या खिडकीतल्या कढीपत्त्याला पाणी घालतो आहे. खालच्या फांद्या सेल्वीने छाटल्या. अम्मा ओरडतील, असं म्हणतच छाटल्या.

आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. फोनवर तुमचा आवाज ऐकल्यापासून ती मला विचारते, तुझ्या त्या बाई अजून पोथीतल्यासारख्या बोलतात का रे. मी सांगितलं, हो, भांडताना तर जास्तच.

(इथली एक ओळ यमुनाक्कांनी खोडली आहे.)

तुमचा,
तम्बी